पिशवीवर काय लिहिले आहे?

(मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जनुकीय पिके, शेतकऱ्यांचे हक्क आणि अन्नावरील लेबल असा विषय मंडळाने आम्हाला दिला आहे. वरवर पाहता हे तीन वेगळे विषय वाटतात. पहिला शास्त्रज्ञांचा, दुसरा वकिलांचा आणि तिसरा दुकानात जाणाऱ्या गिऱ्हाइकाचा. परंतु आमच्या मते हा एकच विषय आहे, आणि तो एका साध्या प्रश्नात मावतो. तो प्रश्न म्हणजे : पिशवीवर काय लिहिले आहे? बियाण्याच्या पिशवीवर काय लिहिले आहे, औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे, तांदळाच्या पोत्यावर आणि तेलाच्या पुड्यावर काय लिहिले आहे? आणि जे लिहिलेले नाही, ते का लिहिलेले नाही?

हा प्रश्न आपल्या मंडळात का विचारावा, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर सरळ आहे. या सभागृहातील पुष्कळांचे आई-वडील किंवा आजी-आजोबा विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू गावांत राबले आहेत. कोणाची दोन एकर जमीन होती, कोणी बटईने केली, कोणी आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला. आज आपण शहरात नोकरी करीत असू, तरी गावाचा कापूस आपल्या घरात येतोच. कपड्याच्या रूपाने येतो, आणि ताटातूनही येतो. ते कसे, हे पुढे सांगू.

बीटी म्हणजे काय?

विद्यार्थी मित्रांसाठी प्रथम शास्त्र समजून घेऊ. मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जीवाणू असतो. त्यालाच थोडक्यात बीटी म्हणतात. हा जीवाणू एक प्रथिन तयार करतो. बोंडअळीने ते खाल्ले की तिच्या आतड्यात ते विरघळते, आतड्याला छिद्रे पाडते आणि अळी मरते. अळीचे आतडे अल्कधर्मी असते आणि त्या प्रथिनाला चिकटण्याची जागाही तेथे असते. माणसाचे जठर आम्लधर्मी असते आणि तशी जागा त्यात नसते. शास्त्रज्ञांनी या जीवाणूतील ते प्रथिन बनविणारे जनुक काढून कपाशीच्या पेशीत बसविले. आता कपाशीचे झाडच ते प्रथिन तयार करते. यालाच जनुकीय बदल केलेले पीक किंवा जीएम पीक म्हणतात. नेहमीच्या संकरात कपाशीचा कपाशीशी संकर होतो. येथे मात्र जीवाणूचे जनुक वनस्पतीत आले आहे, हा मूळ फरक आहे.

आम्ही येथे भीती पसरविण्यासाठी उभे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये मोठा आढावा घेतला. बाजारात आलेल्या जनुकीय पिकांपासूनचे अन्न इतर अन्नापेक्षा माणसाला अधिक धोक्याचे असल्याचा पुरावा त्यात आढळला नाही. हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु एखादी वस्तू विषारी नाही, एवढ्याने ती न सांगता विकण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. आमचा मुद्दा विषाचा नसून माहितीचा आणि हक्काचा आहे.

पहिली पिशवी : बियाण्याची

भारतात २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. ही वाणे जालन्याच्या महिको कंपनीची होती. त्यांतील जनुक अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीचे होते. म्हणजे या गोष्टीची सुरुवात आपल्याच मराठवाड्यातून झाली आहे. पुढे २००६ मध्ये दोन जनुके असलेली दुसरी पिढी आली. बघता बघता देशातील कपाशीचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेले. शेतकऱ्यांनी हे बियाणे कोणाच्या जबरदस्तीने घेतले नाही. सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीपासून खरोखर सुटका झाली, फवारण्या कमी झाल्या, म्हणून घेतले. हेही सांगितले पाहिजे.

परंतु पिशवीच्या किमतीकडे पाहा. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पिशवीला सोळाशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत, आणि त्यातील मोठा भाग जनुकाच्या मालकाला स्वामित्वशुल्क म्हणून जात असे. आंध्र प्रदेश सरकारने २००६ मध्ये याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा भाव निम्म्याहून खाली आला. २०१६ मध्ये केंद्र सरकारने दुसऱ्या पिढीच्या पिशवीचा भाव ८०० रुपये ठरविला व त्यात स्वामित्वशुल्क ४९ रुपये ठेवले. २०२० मध्ये ते शुल्क शून्यावर आणले. दाद मागितल्याशिवाय भाव उतरला नाही, एवढे यातून शिकावे.

किमतीपेक्षाही मोठी गोष्ट त्या पिशवीच्या आत होती. भारतात बीटी जनुक बहुतांशी संकरित वाणातच विकले गेले. संकरित वाणाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर पीक एकसारखे येत नाही, उत्पन्न घटते. म्हणून दर मृगाला कृषी केंद्राच्या दारात उभे राहणे आले. जगातील इतर बहुतेक कापूस पिकविणाऱ्या देशांत सरळ वाण लावतात, आणि सरळ वाणाचे बी घरी राखता येते. आपल्याकडे मात्र आजीने मडक्यात राख घालून बी जपण्याची रीत एका पिढीत कपाशीपुरती संपली.

कायद्याने काय दिले?

आता कायद्याकडे वळू. संसदेने २००१ मध्ये 'पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम' संमत केला. कंपन्यांना आणि संशोधकांना त्यांच्या वाणावर हक्क देतानाच त्याच कायद्यात शेतकऱ्यांच्या हक्कांचे वेगळे प्रकरण घालणारा असा कायदा जगात क्वचितच आढळतो. त्याचे कलम ३९ प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे. शेतकऱ्याला आपल्या शेतातील उत्पन्न, संरक्षित वाणाचे बियाणेसुद्धा, राखता येते, वापरता येते, पेरता येते, पुन्हा पेरता येते, देवाणघेवाण करता येते, वाटता येते आणि विकताही येते. एकच बंधन आहे. त्या संरक्षित वाणाचे नाव लावलेल्या पिशवीत भरून, लेबल लावून ते विकता येत नाही.

बंधूंनो, यातील मर्म लक्षात घ्या. कायद्याने शेतकऱ्याला सर्व काही दिले, फक्त लेबल दिले नाही. बियाणे ओंजळीतून दिले तर तो शेतकऱ्याचा हक्क, आणि तेच छापील पिशवीतून दिले तर तो कंपनीचा हक्क. म्हणजे शेतकरी आणि कंपनी यांच्यामधली सीमारेषा पिशवीवरील अक्षरांनी आखलेली आहे. ज्याच्या हाती अक्षर, त्याच्या हाती बाजार.

याच कलमात आणखी एक हक्क आहे. कंपनीने आपले वाण अमुक परिस्थितीत किती उत्पन्न देईल हे शेतकऱ्याला सांगितले पाहिजे, आणि तसे उत्पन्न आले नाही तर शेतकऱ्याला प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. कलम ४४ प्रमाणे प्राधिकरणापुढील कामात शेतकऱ्याकडून शुल्क घेता येत नाही.

आणि शेतकरी कोणाला म्हणायचे? आपल्या समाजाच्या दृष्टीने हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे. या कायद्याच्या व्याख्येत सातबाऱ्यावर नाव असण्याची अट नाही. जो स्वतः जमीन कसतो तो शेतकरी. जो पारंपरिक वाण जपतो, निवड करून त्याचा गुण वाढवितो, तोही शेतकरी. म्हणजे बटईने जमीन करणारा या व्याख्येत बसतो. परड्यात वालाचे, भोपळ्याचे गावठी बी जपणारी बाईही बसते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच गावठी बियाणे जपले. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या एका आदिवासी बाईचे हे काम कायद्याच्या भाषेत शेतकऱ्याच्या हक्काचे काम आहे.

मात्र कागदावरील हक्क आणि वावरातील हक्क यांत अंतर आहे. राखून ठेवण्याचा हक्क दिला, पण बाजारात मिळणारे बियाणेच राखण्याजोगे नसेल, तर त्या हक्काचे काय करायचे? यावर उपाय म्हणजे बीटी जनुक असलेली सरळ वाणे. सरकारी संस्थांनी असा प्रयत्न फार उशिरा केला. 'बिकानेरी नरमा' या सरळ बीटी वाणाला २००८ मध्ये मान्यता मिळाली, परंतु त्यात खासगी कंपनीचेच जनुक असल्याचे निघाले आणि त्याची विक्री थांबली. अलीकडच्या काळात परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने सरळ बीटी वाणे विकसित केली आहेत. अशा वाणांचे बी गावोगाव पोहोचावे, ही मागणी आपण केली पाहिजे.

अळीने वाचले, माणसाने नाही

बियाण्याच्या पिशवीसोबत पूर्वी १२० ग्रॅमची एक लहान पुडी येत असे. ती बिगर-बीटी बियाण्याची होती. बीटी कपाशीच्या कडेने तिच्या ओळी लावाव्यात, म्हणजे साध्या झाडांवर वाढलेल्या अळ्यांचे पतंग बीटीला सरावलेल्या पतंगांशी मिसळतील आणि अळीची प्रतिकारशक्ती लवकर वाढणार नाही, अशी ती योजना होती. सूचना छापलेली होती. पण ती समजावून सांगणारा कोणी नव्हता. दोन एकरांच्या धन्याने अळीला खाऊ घालण्यासाठी चार ओळी कशाला लावाव्यात? पुष्कळ ठिकाणी ती पुडी बांधावरच राहिली. त्यातच संकरित कपाशी लांब मुदतीची, आणि पाणी असेल तेथे फरदड घेण्याची सवय. शेंदरी बोंडअळीला बारमाही अन्न मिळाले. गुजरातमध्ये ही अळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नसल्याचे २०१० मध्ये कंपनीनेच मान्य केले. पुढे दुसरी पिढीही निष्प्रभ झाली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशीची बोंडे आतून पोखरून निघाली.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. औषधाच्या बाटलीवर त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. सोबत माहितीपत्रक असते, पण त्यातील अक्षर इतके बारीक की चष्मा लावूनही वाचवत नाही. आणि जो पाठीवर पंप घेऊन ओळीत शिरतो त्याच्या हाती ती बाटली तरी कुठे येते? त्याला पिंपातले तयार मिश्रण मिळते. त्यात कोणते औषध कशात मिसळले आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले की कोणते औषध मारीत होता, तर त्याला नाव सांगता येत नाही. नाव कळले नाही, तर उपचार कशावर करायचा?

येथे लेबलाचा खरा अर्थ कळतो. लेबल म्हणजे शोभेचा कागद नव्हे, ते जगण्या-मरण्याचे साधन होऊ शकते. आणि ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज, त्या शेतमजुराच्या नावाने ना बियाण्याचे बिल फाटते, ना औषधाचे. म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे आहे की शेतकऱ्याच्या हक्काचा विचार शेतमजुराला वगळून करता येणार नाही.

आणखी एक पिशवी गावात फिरते, तिच्यावर काहीच खरे लिहिलेले नसते. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कपाशीला परवानगी मिळालेली नसतानाही तिचे बियाणे चोरून विकले गेले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने हे बियाणे जाहीरपणे पेरून आंदोलन केले. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य आम्हाला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. निंदणाची मजुरी परवडत नाही, हे त्यांचे दुःखही खोटे नाही. मात्र निंदण ही भूमिहीन बायांची पावसाळ्यातील रोजी आहे, हेही आपण विसरता कामा नये. आणि बिनबिलाची, बिननावाची पिशवी उगवली नाही तर भरपाई कोणाकडे मागायची? कायद्याबाहेरची पिशवी घेतली की कायद्याचे संरक्षणही संपते.

दुसरी पिशवी : बटाटा आणि तांदूळ

पुढील दोन उदाहरणे जनुकीय पिकांची नाहीत. परंतु शेतकऱ्यांचे हक्क प्रत्यक्षात कसे चालतात, हे त्यांवरून समजते.

एप्रिल २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने गुजरातमधील बटाटा उत्पादकांवर दावे लावले. चिप्ससाठी वापरले जाणारे आपले नोंदणीकृत वाण त्यांनी विनापरवाना लावले, असा तिचा आरोप होता. चौघांकडून प्रत्येकी एक कोटी रुपयांहून अधिक नुकसानभरपाई मागितली होती. शेतकऱ्यांच्या बाजूने कलम ३९ पुढे आले, देशभर गदारोळ झाला, आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणीच रद्द केली. पण जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे कलम पुस्तकात असून भागत नाही. ते ठाऊक असणारी आणि एकत्र उभी राहणारी माणसे लागतात.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. दलित समाजातील, दीड एकर जमिनीचे, जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले शेतकरी. १९८३ साली आपल्या धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवड केली. त्यातून बारीक, चवदार आणि भरपूर उतारा देणारा तांदूळ तयार झाला. तळोधीच्या बाजारात तो गेला तेव्हा व्यापाऱ्याने त्याला त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव दिले : एचएमटी. आज नागपूर असो की मुंबई, वाण्याच्या दुकानात एचएमटी तांदूळ माहीत नाही असा माणूस सापडणे कठीण.

पुढे १९९४ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये शुद्ध केलेले वाण 'पीकेव्ही-एचएमटी' या नावाने प्रसारित केले. आपल्याला याचे श्रेय मिळाले नाही, ही खंत दादाजींनी अखेरपर्यंत बोलून दाखविली. २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, राज्य शासनानेही पुरस्कार दिला. परंतु गरिबी सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

विचार करा. पोत्यावर घड्याळाचे नाव आले, विद्यापीठाचे आले, व्यापाऱ्याचे आले. ज्याने लोंबी ओळखली त्याचे नाव तेवढे आले नाही. १९८३ मध्ये शेतकरी हक्काचा कायदा नव्हता. आज तो आहे. शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी करता येते, त्याच्या वाणापासून दुसऱ्याने नवे वाण काढले तर लाभाचा वाटा मागता येतो. आज एखाद्या गावात दुसरे दादाजी असतील, तर त्यांचे नाव नोंदणीत पोहोचविणे हे आपल्यासारख्या मंडळांचे काम आहे.

तिसरी पिशवी : तेलाची

आता आपल्या ताटाकडे येऊ. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी असते. सरकीचे तेल काढतात आणि पेंड दुभत्या जनावरांना घालतात. सरकीचे शुद्ध केलेले तेल खाद्यतेल म्हणून विकले जाते, फरसाण तळण्यास वापरले जाते, इतर तेलांत मिसळलेही जाते. आणि कपाशी तर नव्वद टक्क्यांहून अधिक बीटी. म्हणजे 'भारतात जनुकीय अन्नपीक नाही' असे एकीकडे म्हटले जात असताना, जनुकीय पिकाचे तेल आपल्या कढईत २००२ नंतर केव्हाच येऊन पडले आहे. ते आपल्याला कोणी सांगितले नाही, आणि आपणही विचारले नाही.

कायदे नाहीत असे नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे नियमानुसार असल्याखेरीज जनुकीय अन्न बनविता, विकता वा आयात करता येत नाही. १ जानेवारी २०१३ पासून अशा अन्नाच्या वेष्टनावर वरच्या भागात 'जीएम' ही अक्षरे छापण्याचा नियम वजनमापे खात्याने लागू केला. तरीही जुलै २०१८ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील ६५ खाद्यपदार्थ तपासले, तेव्हा ३२ टक्के पदार्थांत जनुकीय अंश आढळला. त्यातील बहुतेक पदार्थ परदेशातून आलेले होते आणि बहुतेकांच्या लेबलावर त्याचा उल्लेख नव्हता.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मसुद्यात पाच टक्क्यांहून अधिक जनुकीय घटक असल्यास लेबल लावावे असे होते. २०२१ च्या मसुद्यात ही मर्यादा एक टक्का झाली. युरोपात ती ०.९ टक्के आहे. अमेरिकेतही १ जानेवारी २०२२ पासून असे प्रकटीकरण सक्तीचे झाले. यातील एक बारकावा विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा. शुद्ध केलेल्या तेलात डीएनए किंवा प्रथिन जवळजवळ उरत नाही. प्रयोगशाळेत तपासले तर काही सापडणार नाही. म्हणून टक्केवारीवर आधारलेले लेबल तेलाला लागूच पडणार नाही. तेल कोणत्या पिकापासून काढले, याची नोंद शेतापासून घाण्यापर्यंत ठेवली तरच लेबल खरे ठरेल.

२३ जुलै २०२४ रोजी जनुकीय मोहरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मोहरीबाबत एकमत झाले नाही. परंतु दोन गोष्टींवर झाले. सरकारने सर्वांशी सल्लामसलत करून जनुकीय पिकांचे राष्ट्रीय धोरण ठरवावे, आणि जनुकीय अन्नाच्या, विशेषतः खाद्यतेलाच्या आयातीत लेबलाविषयीच्या कलम २३ चे पालन व्हावे. मोहरीवर मतभेद असू शकतो, पण सांगण्याच्या कर्तव्यावर मतभेद नाही, हा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

काही लोक म्हणतात, लेबल लावले तर लोक उगाच घाबरतील आणि माल महाग होईल. आम्हाला हे पटत नाही. हिरवे आणि तपकिरी चिन्ह लावल्याने शाकाहारी-मांसाहारी अन्नाचा बाजार बुडाला नाही. लोकांना अडाणी समजून त्यांच्यापासून गोष्ट लपविणे, ही आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या सोसलेली रीत आहे. ज्ञान कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही हे वरून ठरविण्याची ती रीत आपण नाकारली. मग ती अन्नाच्या पिशवीवर तरी का चालवून घ्यावी?

पुढील प्रश्न तर आणखी नाजूक आहे. मे २०२५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी जनुक संपादनाने तयार केलेली भाताची दोन वाणे जाहीर झाली. यात बाहेरचे जनुक घालत नाहीत, पिकाच्या स्वतःच्या जनुकातच बदल करतात. अशा प्रकारच्या वाणांना २०२२ मध्येच जनुकीय पिकांच्या कडक नियमांतून सूट मिळाली आहे. ही सरळ वाणे असल्याने शेतकऱ्याला ती राखता येतील, ही चांगली बाजू आहे. परंतु त्या तांदळाच्या पोत्यावर काय लिहिले जाईल, हे आताच विचारले पाहिजे.

आपण काय करावे?

विचारल्याने काही होते का? होते. बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये समितीने हिरवा कंदील दिला होता. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी देशात सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांतील एक आपल्या नागपुरात झाली. शेतकरी, शास्त्रज्ञ, गृहिणी, डॉक्टर सर्वांनी आपली मते मांडली, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्या वांग्याला स्थगिती मिळाली. त्या निर्णयाविषयी मतभेद असतील. शेजारच्या बांगलादेशात २०१४ पासून ते वांगे पिकतेही. परंतु निर्णयापूर्वी सामान्य माणसाला विचारण्याची ती रीत योग्य होती.

म्हणून काही साधी कामे सुचवितो. गावाकडील नातेवाइकांना सांगा : बियाणे पक्क्या बिलानेच घ्या, आणि बिल, पिशवी, तिचा टॅग व मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर लगेच तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पंचनामा मागा. फवारणीला जाणाऱ्याला औषधाचे नाव लिहून दिल्याशिवाय पंप उचलू देऊ नका. कोणी गावठी वाण जपले असेल तर कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने त्याची नोंदणी करा. शहरातील सभासदांनी तेलाच्या पुड्याच्या मागची बाजू वाचावी, आणि सरकी तेल असेल तर ते बीटीचे आहे का असे कंपनीला पत्राने विचारावे. आणि विद्यार्थ्यांनी पुढच्या वेळी सरकारचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होईल तेव्हा मंडळाच्या नावाने मराठीत सूचना पाठवाव्यात. त्यातील पहिली सूचना अशी असावी की लेबल मराठीत हवे, आणि डोळ्यांना दिसेल अशा अक्षरात हवे.

मित्रहो, आपल्या आधीच्या पिढीने अक्षर ओळखण्यासाठी मोठी किंमत मोजली. त्यांच्या कष्टामुळे आपण आज वाचू शकतो. मग वाचता येणाऱ्याने आपल्या आईच्या हातातील पिशवी वाचून दाखवायची नाही, तर दुसरे काय करायचे?